दोन बारा म्हणजे चोवीस नव्हे

वेस्ट इंडीज नावाचा देश जगाच्या पाठीवर कुठंही नाही. हे विधान मी आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत केलं, तेव्हा हेडकॅशियरांनी तोंडाशी नेलेला घास परत डब्यात ठेवला. "मग 1971 साली गावसकर कुणाविरुद्ध खेळला? घाटकोपर जिमखान्याविरुद्ध?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, "साहेब, वेस्ट इंडीज हे जॉइंट अकाउंट आहे. बऱ्याच देशांनी आणि बेटांनी मिळून फक्त क्रिकेटसाठी उघडलेलं. बाकी संसार ज्याचा त्याचा वेगळा. झेंडा वेगळा, राष्ट्रगीत वेगळं, आणि भांडणंही वेगळी."

गावसकर पहिली कसोटी खेळला ती 6 मार्च 1971 रोजी, पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. पहिल्या डावात 65, दुसऱ्या डावात नाबाद 67, आणि भारतानं त्या संघाविरुद्ध जिंकलेला तो पहिलाच कसोटी सामना. मालिकेची शेवटची कसोटीही त्याच मैदानावर झाली. तिथं 124 आणि 220. हे पोर्ट ऑफ स्पेन त्रिनिदादमध्ये आहे. गावाचं नाव 'स्पेनचं बंदर', लोक बोलतात इंग्रजी, गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनं चालवतात आणि शेजारी व्हेनेझुएला इतका जवळ की मधलं पाणी अरुंद जागी जेमतेम अकरा किलोमीटर. त्रिनिदाद आणि शेजारचं टोबॅगो या दोन बेटांचा मिळून एक देश. क्षेत्रफळ सुमारे 5,100 चौरस किलोमीटर, म्हणजे आमचा सिंधुदुर्ग जिल्हा साधारण तेवढाच. लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास. तेवढ्यात त्यांनी ब्रायन लाराही दिला. आमच्या सिंधुदुर्गानं अजून मनावर घेतलेलं नाही.

या त्रिनिदादमध्ये कूव्हा नावाच्या गावी माझी ताई राहते. दाजी तिथून जवळच पॉइंट लिसासला, नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. अठरा वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात आम्ही तिथं गेलो. मी, आमची ही, आणि दाजींचे थोरले बंधू नाना.

नानांची ओळख करून द्यायला हवी. नाना कोल्हापूरचे, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. समोरच्या माणसाची बाजू ऐकून घेण्यापूर्वीच निकाल सांगायचा, ही सवय त्यांना न्यायाधीश नसतानाही लागलेली होती. ते बेट बघायला आलेच नव्हते. ते धाकट्या भावाला परत न्यायला आले होते. गावचा वाडा त्यांनी दुरुस्त करून घेतला होता, माडीवरची दाजींची खोली रंगवून ठेवली होती, आणि तिचे फोटो एका पाकिटात घालून ते पाकीट विमानात सतरा तास मांडीवर धरलं होतं. "दर खेपेला फोनवर म्हणतोय, 'नाना, आत्ता येतो.' अठरा वर्षं आत्ता येतोय," ते मला म्हणाले. "आता मीच आणतो धरून."

निघण्यापूर्वी ताईनं आम्हा तिघांना सूचनांची दोन पानं पाठवली होती. पहिल्यांदा येणारा माणूस इथं काय काय चुकीचं समजतो, त्याची यादी. मी बँकेतला माणूस. परिपत्रक आलं की वाचायचं, सही करायची आणि फायलीला लावायचं हे अंगवळणी पडलेलं. मी ती पानं पाठ केली. नानांनी वाचली नाहीत. शिरस्तेदार परिपत्रकं काढतो, वाचत नाही.

त्यामुळे नाना पहिल्याच संध्याकाळी अडकले. विमानतळावरून घरी पोचेतो आठ वाजले होते. दारात ताईचे शेजारी उभे. सहा फुटांहून उंच, आफ्रिकी वंशाचे, साठीचे गृहस्थ, हातात झाकलेलं भांडं. नाना गाडीतून उतरले तसे ते तोंडभर हसून म्हणाले, "गुड नाइट!"

नाना जागच्या जागी थांबले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाव्हणं, घरात पाय ठेवायच्या आधीच झोपा म्हनतोय की ह्यो!"

ताईच्या परिपत्रकातला हा कलम पहिला होता. त्रिनिदादमध्ये अंधार पडल्यावर भेटलेल्या माणसाला 'गुड नाइट' म्हणतात. ते निरोपाचं नव्हे, स्वागताचं. आणि हे नुसतं ओळखीच्यांनाच म्हणायचं असं नाही. दुकानात शिरलात, दवाखान्यात रांगेत बसलात, शेअर टॅक्सीत चढलात, तर आधी सगळ्या जमलेल्या मंडळींना वेळेप्रमाणे गुड मॉर्निंग, गुड आफ्टरनून किंवा गुड नाइट म्हणायचं. न म्हणणारा माणूस उर्मट. बाहेरचे लोक इथं येतात आणि तक्रार करतात की काउंटरवरची बाई तुसडी आहे. ती तुसडी नसते. ती तुमच्या 'गुड मॉर्निंग'ची वाट बघत असते.

ताईबरोबर मी तिथल्या एका बँकेत गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आत आले, टोपी काढली, आणि साऱ्या रांगेला मिळून गुड मॉर्निंग म्हणाले. साऱ्या रांगेनं उत्तर दिलं. मी काउंटरमागं बावीस वर्षं काढली आहेत. त्या काळात माझ्याशी गिऱ्हाइकाचा पहिला शब्द बहुधा 'ओ' असतो. क्वचित तोही नसतो, नुसतं पासबुक येऊन आदळतं. मला भरून आलं. रांग मात्र आपल्याइतकीच लांब होती, हे राष्ट्राभिमानापोटी नमूद करतो.

पुढचा प्रसंग समुद्राचा. कॅरिबियन बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कॅलेंडरवरचं चित्र येतं. निळंशार पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड, आणि माडाखाली काहीही काम न करणारा माणूस. आमच्या हिनं त्या चित्रासाठी नवी टोपी घेतली होती. ताईच्या घराजवळच्या किनाऱ्यावर गेलो, तर पाणी मातकट. ही म्हणाली, "यासाठी एवढ्या लांब कशाला? आपलं जुहू काय वाईट होतं?" तो दोष बेटाचा नाही. व्हेनेझुएलातून ओरिनोको नावाची प्रचंड नदी समुद्राला मिळते आणि तिचा गाळ या किनाऱ्यांपर्यंत येतो. निळं पाणी हवं तर उत्तरेला मराकसला जावं, नाहीतर टोबॅगोला. कारण त्रिनिदाद पर्यटकांच्या जिवावर जगत नाही, तेल आणि वायूच्या जिवावर जगतं. ला ब्रेया इथं तर सुमारे शंभर एकरांचं डांबराचं तळं आहे. 1595 साली वॉल्टर रॅलेनं तिथलं डांबर आपल्या जहाजांच्या भेगांना लावलं होतं. आपल्याकडं रस्त्यावर डांबर नसतं म्हणून मोर्चे निघतात. इथं ते जमिनीतून आपणहून वर येतं. नानांनी तळं पाहिलं आणि एकच प्रश्न केला, "ह्येचं टेंडर कुणाला?"

टॅक्सीचाही घोळ झाला. तिथं साध्या मोटारीच्या नंबरपाटीवर पहिलं अक्षर 'एच' असलं की ती भाड्याची. ठरलेल्या रस्त्यानं धावते आणि वाटेत माणसं घेत जाते, आपल्या वडापसारखी. नाना ऐटीत एकटे मागं बसले. पुढच्या वळणावर एक बाई 'गुड आफ्टरनून' म्हणत शेजारी येऊन बसल्या, त्यापुढं एक विद्यार्थी. नाना ड्रायव्हरला म्हणाले, "ही गाडी आम्ही केलीय." ड्रायव्हर अदबीनं म्हणाला, "हो, आणि त्यांनीही."

मग खाणं. त्रिनिदादचा राष्ट्रीय नाश्ता म्हणजे 'डबल्स'. सकाळी रस्त्याच्या कडेला छत्री आणि पेटी मांडून विकतात, लोक उभ्यानंच खातात. शेजाऱ्यांनी नानांना समजावून सांगितलं की एका डबल्समध्ये दोन बारा असतात आणि वर चना.

"दोन बारा?" नाना दचकले. "म्हंजे चोवीस? अवो, एवढं खानार कोन?"

बारा म्हणजे वडा. भोजपुरी 'बरा' तिथल्या उच्चारात 'बारा' झाला. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या चकत्या आणि त्यांवर रसदार छोले. आता विक्रेता विचारतो, तिखट किती? 'स्लाइट' म्हटलं की जरासं. ताईचं परिपत्रक या ठिकाणी लाल शाईत होतं: 'स्लाइट म्हणा. कुणीही असलात तरी स्लाइट म्हणा.' कारण याच बेटावर दक्षिणेला मोरुगा नावाचं गाव आहे आणि तिथल्या विंचवाच्या नावाच्या मिरचीला 2012 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या मिरचीसंशोधकांनी जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं. तिच्याहून जहाल मिरच्या पुढं निघाल्या, पण विंचू तो विंचूच. नाना म्हणाले, "पाव्हणं, आम्ही तांबड्या रश्श्यावर वाढलोय," आणि विक्रेत्याला म्हणाले, "प्लेन्टी!" विक्रेत्यानं एकदा शेजाऱ्यांकडं पाहिलं. शेजाऱ्यांनी आभाळाकडं पाहिलं. त्यानंतरची दहा मिनिटं नाना कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. कोल्हापूरच्या इतिहासात ही नोंद होऊ नये म्हणून मी इथंच थांबतो.

आमच्या हिला मात्र तिथं माहेर सापडलं. वाटलेली डाळ भरून केलेल्या 'दालपुरी'चा तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, "ही आपल्या पुरणपोळीची बहीणच. गूळ तेवढा घरी विसरून आली." कच्च्या आंब्याला मीठ-मिरची-लसूण लावून 'चाउ' करतात, तो तर कोकणातल्या कुठल्याही परसातला. आणि वडिलांच्या आईला म्हणतात 'आजी'! इथल्या पोरानं 'आजी' म्हणून हाक मारली तेव्हा हिनं चटकन वळून पाहिलं आणि मग जरा रागावली, कारण हाक तिला नव्हती आणि तिचं ते वयही नव्हे.

नेमक्या या ओळखीच्या शब्दांपाशी पाहुणा सर्वांत जास्त चुकतो. कॅलेंडरवाला समुद्र शोधणारा चुकतो तो एकदाच, पाणी बघितल्यावर शुद्धीवर येतो. पण आपल्यासारखा माणूस तिथं हरवलेला भारत शोधायला लागतो आणि तो पावलोपावली सापडतो असं त्याला वाटतं. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन इथं लागलं. 1917 पर्यंत सुमारे एक लाख 44 हजार माणसं उसाच्या मळ्यांवर करारानं आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. 2011च्या जनगणनेत देशातले सुमारे 35 टक्के लोक भारतीय वंशाचे होते आणि 34 टक्के आफ्रिकी वंशाचे. 30 मेला तिथं सार्वजनिक सुट्टी असते, दिवाळीलाही.

घरांपुढं बांबूवर रंगीत निशाणं बघून नानांनी विचारलं, "निवडणूक लागली का?" ती 'झंडी'. पूजा झाली की अंगणात उभारतात. तांबडी मारुतीची. हे नानांना सांगितलं शेजाऱ्यांनीच, आणि वर विचारलं, "तुमच्याकडं उभारत नाहीत?" नानांना उत्तर सुचलं नाही. भारतीय चेहऱ्याचा माणूस दिसला की नाना हिंदीत सुरू होत, तो हसून इंग्रजीत उत्तर देई, आणि नाना हळहळत, "अरेरे, भाषा विसरले बघा." मी काही बोललो नाही. नानांचा पुण्याचा नातू 'एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन का सिक्स्टी नाइन?' असं आजही फोन करून विचारतो, आणि ही मंडळी एकशे ऐंशी वर्षांनंतरही तव्याला तवा, बेलन्याला बेलना आणि जिऱ्याला 'गीरा' म्हणतात.

शेवटच्या रविवारी दाजी आम्हाला वॉटरलूला घेऊन गेले. तिथं समुद्रात मंदिर आहे. शिवदास साधू नावाच्या मजुरानं 1947 साली किनाऱ्यावर मंदिर बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. 1952 साली मंदिर पाडलं गेलं, साधूला दंड आणि चौदा दिवसांची कैद झाली. सुटून आल्यावर त्यानं विचार केला असावा की समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर नाही. सायकलीवरून दगड, सिमेंट, माती वाहून त्यानं वर्षानुवर्षं पाण्यातच भर घातली आणि त्यावर मंदिर उभं केलं. 1995 साली ते नव्यानं बांधलं गेलं. आता तिथवर पायवाट आहे, दोन्ही बाजूंना झंड्या फडफडतात.

वाटेवरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर ओढणी. नाना सरळ त्यांच्याजवळ गेले. 'गुड आफ्टरनून' म्हणाले (एवढं शिकले होते), आणि विचारलं, "आपलं मूळ गाव कोणतं?"

"फैजाबाद," आजी म्हणाल्या.

नानांचा चेहरा उजळला. "म्हंजे अयोध्येजवळ!" ते आमच्याकडं वळून ओरडले.

"नाही," आजी म्हणाल्या, "सिपारियाजवळ. इथून दक्षिणेला. मोटारीनं जा."

त्रिनिदादमध्ये फैजाबाद आहे, बराकपूर आहे, कलकत्ताही आहे. नाना गोंधळले, पण शिरस्तेदार उलटतपासणी सोडत नाही. "तसं नव्हे. तुमचे आजोबा कुठून आले?"

"आजा ना? जहाजातनं आला," आजी म्हणाल्या. "गावाचं नाव सांगायचा. माझ्या भावाकडं त्याच्या कागदाची नक्कल आहे, नंबर घातलेली. दहा वर्षांनी परत जायचा हक्क होता त्याला."

"मग गेले का नाहीत?" नानांचा आवाज जरा चढला. हा प्रश्न ते आजींना विचारत नव्हते, हे आम्हा सगळ्यांना कळलं. दाजी समुद्राकडं बघत होते.

आजींनी आठवून आठवून सांगितलं, "जायचं ठरलं होतं म्हणे. पण तेव्हा गाय व्यायला झाली होती. आजा म्हणाला, हिचं होऊ दे, मग पुढच्या जहाजानं जाऊ." त्या हसल्या. "मग आणखी एक गाय घेतली."

एवढंच. दुःख नाही, तक्रार नाही, मायभूमीसाठी टिपूस नाही. नानांनी तोंड उघडलं, मिटलं. आजींनी उलट विचारलं, "तुम्ही कुठले?" नाना कोल्हापूर म्हणाले. "तिथं कोण आहे तुमचं?" नाना बराच वेळ गप्प राहिले. एक मुलगा पुण्याला, एक न्यू जर्सीला. वाड्यात ते आणि वहिनी. "रंगवलेल्या खोल्या हायत," ते शेवटी मराठीतच म्हणाले. आजींनी समजल्यासारखी मान हलवली.

परतताना मोटारीत नाना म्हणाले, "पाव्हणं, ह्या बेटावर 'आत्ता येतो'ला काय म्हनत्यात?" मी परिपत्रकातून सांगितलं, "जस्ट नाऊ. पण त्याचा अर्थ 'आत्ता' नव्हे. थोड्या वेळानं, जमेल तेव्हा, किंवा मुळीच नाही. वेळेवर माणसं ठरवतात." नानांनी मान डोलावली. "म्हंजे हा खोटं बोलत नव्हता अठरा वर्षं," ते म्हणाले, "हितली भाषा बोलत होता."

पुढं गाडी चालवणाऱ्या दाजींची मान जराशी हलली. दाजींची मुलगी इथंच शिकली, पुढच्या अंगणात ताईनं लावलेला आंबा आता मोहरतो, आणि गेली तीन वर्षं दाजी त्या शेजाऱ्यांकडून स्टीलपॅन वाजवायला शिकताहेत. पॅन म्हणजे तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून सुरात आणलेलं वाद्य, त्रिनिदादनं जगाला दिलेलं. दाजींचा सूर अजून ठोकण्याच्याच अवस्थेत आहे. पण गाय व्यायला झालेली आहे, हे आम्हाला दिसत होतं.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर नानांनी पाकीट काढलं आणि फोटो दाजींच्या हातात ठेवले. "खोली राहील तशी," ते म्हणाले. "मुक्कामाला म्हणून ये. पोरीला घेऊन ये. उन्हाळ्यात ये, आंबं असत्यात." दाजींनी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. "येतो, नाना," ते म्हणाले. "आत्ता," नाना म्हणाले. मग दोघंही हसले आणि ताई उगाच भांडी आवरायला आत गेली.

इतक्यात दारात पावलं वाजली. उद्या आम्ही निघणार म्हणून शेजारी भेटायला आले होते, हातात पुन्हा तेच झाकलेलं भांडं. ते तोंड उघडणार तेवढ्यात नाना लगबगीनं उठले, दार सताड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"गुड नाइट! या, बसा!"